रेघ पेन्सिलीची असतानाच विचारा

माझ्या पहिल्या जाहीर सुनावणीत मी बावीस मिनिटं बोललो. पडद्यावर रंगीत नकाशे, हातात लेझरचा लाल ठिपका. विषय होता अख्ख्या प्रदेशातल्या बसमार्गांची फेरमांडणी आणि त्या मार्गांलगतच्या जमिनींचा वापर. माझं संपल्यावर शेवटच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "यात माझा थांबा कुठला?" मी नकाशावर शोधायला लागलो. सापडेना. सापडणार कसा, तो थांबा आम्हीच काढून टाकला होता.

बाई एका रुग्णालयात सफाईचं काम करायच्या. पाळी पहाटे पाचची. आमची प्रवासी मोजणी सकाळी सातला सुरू व्हायची, त्यामुळे आमच्या हिशेबात त्या थांब्यावर जवळजवळ कुणी चढतच नव्हतं. मोजणी चोख होती. फक्त सातच्या आधीचं जग तिच्यात नव्हतं.

जमीन आणि वाहतुकीच्या प्रादेशिक नियोजनाच्या या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं-मुली मला विचारतात, काय शिकावं, कुठलं सॉफ्टवेअर यावं, नोकरी कुठे मिळते. त्याची उत्तरं पुढे देतोच, पण पहिला धडा मला त्या बाईंनी दिला, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

मुळात हे काम काय आहे? माणूस राहतो एका हद्दीत, कामाला जातो दुसऱ्या हद्दीत, आणि त्याला नेणारी बस तिसऱ्याच संस्थेची असते. जमिनीचा आराखडा एक कार्यालय करतं, वाहतुकीचा दुसरं. दोघांच्या नकाशांची प्रमाणं वेगळी, लक्ष्यवर्षंही वेगळी. प्रत्यक्षात मात्र तो एकच निर्णय असतो. थांबा चांगला झाला की आसपासची जमीन महागते आणि इमारती उठतात. इमारती विखुरलेल्या, एकमेकींपासून लांब असतील तर बस कितीही नवी आणा, ती रिकामीच धावते. कोपनहेगनने 1947 मध्ये हे ओळखून शहराची वाढ पाच बोटांसारखी रेल्वेमार्गांच्या कडेने आखली आणि बोटांच्या फटींत हिरवी जमीन राखली. ब्राझीलमधल्या कुरितिबाने ठरावीक अक्षांवरच उंच इमारतींना मुभा दिली आणि त्याच अक्षांवर 1974 पासून स्वतंत्र मार्गिकेतून बस सोडल्या. बस आधी की वस्ती आधी, हा वाद तिथे उरलाच नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुरचना, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कुठूनही आलात तरी चालतं. मी स्थापत्यातून आलो आणि पहिली दोन वर्षं मला वाटायचं की मॉडेल, म्हणजे उद्याच्या प्रवासाचा गणिती अंदाज, हेच नियोजन. वाहतुकीचं नेहमीचं मॉडेल चार टप्प्यांचं असतं: कुठल्या भागातून किती प्रवास निघतील, ते कुठे जातील, कुठल्या साधनाने जातील आणि कुठल्या मार्गाने. 1950 च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट, शिकागो अशा शहरांच्या महामार्ग-अभ्यासांतून ते घडलं. त्यात एक गोम आहे. या मॉडेलच्या साध्या रूपात जमिनीचा वापर बाहेरून भरायचा असतो. वीस वर्षांनी कुठे किती घरं आणि किती कचेऱ्या असतील ते तुम्ही आधीच लिहून देता. मग नवा रस्ता बांधा की बांधू नका, घरं हलत नाहीत. खऱ्या जगात ती हलतात. रस्ता आला की वस्ती पांगते, आणि पांगलेली वस्ती आणखी रस्ते मागते.

हे मला कुणा प्राध्यापकाने नाही, एका नागरिक संघटनेच्या गोष्टीने शिकवलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पोर्टलंड शहराच्या पश्चिमेला एक बाह्यवळण महामार्ग प्रस्तावित होता. 'वन थाउजंड फ्रेंड्स ऑफ ओरेगॉन' या संघटनेने नुसती हरकत नोंदवली नाही. तज्ज्ञ नेमले आणि विचारलं, घरं आणि नोकऱ्या हलक्या (ट्रामसारख्या) रेल्वेच्या स्थानकांजवळ, चालत जाता येईल अशा वस्त्यांत आणल्या तर मॉडेल काय म्हणतं? त्यासाठी आधी मॉडेलच दुरुस्त करायला लागलं, कारण पायी चालणं त्यात धड मोजलंच जात नव्हतं. हा पर्याय अधिकृत तुलनेत घेतला गेला आणि शेवटी तो महामार्ग बाजूला पडला. लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, असं कुणी सहकारी म्हणाला की मी त्याला हे ऐकवतो. (दर वर्षी एक तरी म्हणतोच.)

तेव्हा मॉडेल शिका, पण त्याच्या पोटात काय गृहीत धरलंय ते दहा वाक्यांत, सोप्या भाषेत लिहून बघा. जमलं नाही तर तुम्हाला ते अजून आलेलं नाही.

हाताला सवय लावायची असेल तर नोकरीची वाट पाहू नका. बस-रेल्वेची वेळापत्रकं एका ठरावीक खुल्या साच्यात प्रसिद्ध करण्याची पद्धत 2005 मध्ये पोर्टलंडची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी सुरू केली. आज जगभरातल्या असंख्य संस्था तोच साचा वापरतात. अशी एक फाइल उतरवून घ्या, क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, आणि एखाद्या थांब्यापासून पाऊण तासात कुठवर पोचता येतं त्याचा नकाशा काढा. मग त्यावर घरं आणि नोकऱ्या ठेवा. किती घरांपासून किती नोकऱ्या आवाक्यात येतात, या मोजमापाला सुगम्यता म्हणतात आणि अभ्यासक वॉल्टर हॅन्सन यांनी 1959 मध्ये ते जमिनीच्या वाढीशी जोडून दाखवलं. एका उमेदवाराने मुलाखतीला असा एकच नकाशा आणला होता. प्रमाणपत्रांची चळत आणणाऱ्या बाकीच्यांपेक्षा तोच आमच्या लक्षात राहिला.

नकाशावर थांब्याभोवती वर्तुळ काढायचा मोह सगळ्यांना होतो. बससाठी 400 मीटर, रेल्वेसाठी 800 मीटर, हा रूढ ठोकताळा. पण माणूस वर्तुळाच्या त्रिज्येवरून चालत नाही. मध्ये रूळ असतात, ओढा असतो, एखादी लांबलचक कुंपणभिंत असते. नकाशावर 300 मीटर दिसणारं अंतर मी एकदा स्वतः चाललो तर ते सव्वा किलोमीटर भरलं, त्यातही शेवटचा टप्पा दिवे नसलेला. म्हणून नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात मी संगणक देत नाही. बसने फिरायला लावतो, आणि एकदा तरी रात्री.

आता लोकसहभागाकडे येतो. या कामाचा खरा कस तिथे लागतो आणि अभ्यासक्रमात त्याला जेमतेम एखादं प्रकरण मिळतं.

अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खाली लोकांना गुंडाळणं, वर निर्णयाची सूत्रं लोकांच्या हाती. "हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत" ही आपली ओळखीची सूचना साधारण मधल्या, माहिती देणं आणि मत विचारणं या पायऱ्यांवर बसते. तिथे असण्यात लाज नाही. तिथे उभं राहून "आम्ही भागीदारी करतोय" म्हणण्यात आहे. लोकांना ते लगेच कळतं.

मला मात्र शिडीपेक्षा वेळ महत्त्वाची वाटत आली आहे. रेघ पेन्सिलीची असताना विचारलं तर लोक सांगतात की आम्ही कुठे जातो, कुठे अडतो. शाईची झाल्यावर विचारलं तर फक्त 'हो' किंवा 'नको' मिळतं, आणि बहुधा 'नको'च. तेव्हा अधिकारी म्हणतात, लोक नकारात्मक आहेत! अहो, विचारायला आलातच नकार देण्याच्या वेळी.

पेन्सिलीच्या टप्प्यावर माझं आवडतं साधन अगदी साधं आहे: टेबलावर मोठा नकाशा आणि मोजक्या सोंगट्या. एक सोंगटी म्हणजे दिवसभर धावणारी एक बस. सगळ्या एकाच रस्त्यावर ठेवल्या तर दर दहा मिनिटांनी बस, म्हणजे सरासरी पाच मिनिटं थांबणं. पसरून ठेवल्या तर प्रत्येक वस्तीला बस मिळते, पण तासाला एक, आणि वेळ न बघता थांब्यावर आलेल्याला सरासरी अर्धा तास ताटकळणं. जास्त प्रवासी की जास्त विस्तार? दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने हा प्रश्न उघडपणे सोडवून 2015 मध्ये आपलं सगळं बसजाळं एका रात्रीत बदललं. आमच्या एका बैठकीत एक वयस्कर शेतकरी आणि कॉलेजातली एक मुलगी एकाच टेबलावर आले. दोघांत तासभर वाद झाला. शेवटी शेतकऱ्याने आपल्या वाडीवरची सोंगटी स्वतःच्या हाताने उचलून मुख्य रस्त्यावर ठेवली, पण अट घातली की वाडीपासून रस्त्यापर्यंत पायवाट नीट करा, दिवे लावा. ती अट आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हती.

जमिनीचं प्रकरण याहून नाजूक. भूवापराचा रंगीत नकाशा लावला की पहिला प्रश्न एकच असतो: आमची जमीन जाणार का? तुम्ही घनता, मिश्र वापर, स्थानककेंद्री विकास समजावत बसता आणि समोरचा माणूस त्या एका प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत असतो. पहिल्या पानावर जमिनीच्या क्रमांकांची यादी द्या, पुढे 'जाते', 'जात नाही', 'वापर बदलतो' यातलं एक लिहा. मगच बाकीचं बोला. आणि सभेत कोण आलेलं नाही ते मोजा. जमीनमालक येतात, भाडेकरू येत नाहीत. स्थानकाजवळ जास्त बांधकामाला परवानगी मिळाली की भाडी वाढू शकतात, आणि सगळ्यात आधी बाहेर पडतात ते रोज बसने जाणारेच. हा पेच कुठल्याही प्रदेशाला पूर्ण सुटलाय असं मी म्हणणार नाही. स्वस्त भाड्याच्या घरांची अट आराखड्यातच, परवानगी देण्याआधी घातली तर काही हाती लागतं. नंतर घातली तर नाही.

कधी कधी आधी करून दाखवणं हाच सहभाग ठरतो. स्टॉकहोमने 2006 च्या जानेवारी ते जुलैत शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या वाहनांवर प्रायोगिक शुल्क लावलं. आधी विरोध मोठा होता. त्या भागाच्या सीमेवरची वाहतूक साधारण 20 टक्क्यांनी घटली, लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने निसटत्या बहुमताने होकार दिला. शेजारच्या ज्या नगरपालिकांनी आपापलं सार्वमत घेतलं, त्यांत मात्र कल विरोधाचा होता. तरी 2007 च्या ऑगस्टपासून शुल्क कायम झालं. प्रादेशिक नियोजनातला सगळा पेच इथे दिसतो. रस्ता वापरतात दहा गावं, मत कुणाचं मोजायचं?

नोकऱ्या नियोजन प्राधिकरणांत, बस-रेल्वे संस्थांत, सल्लागार कंपन्यांत आणि थोड्या संशोधन किंवा नागरिक संस्थांत असतात. सल्लागाराकडे शिकायला जास्त मिळतं, पण काम संपलं की लोकांचा संबंधही संपतो. प्राधिकरणात उलट: शिकणं हळू, पण तीच माणसं पाच वर्षांनी पुन्हा समोर येतात आणि तुम्ही काय म्हणाला होतात ते त्यांना पाठ असतं.

सुरुवातीला तुमच्या वाट्याला बहुतेक हरकतींचा तक्ता येईल. कंटाळवाणं काम म्हणून तो ढकलू नका. माझ्या आधीच्या कार्यालयात शेकडो हरकतींपुढे 'नोंद घेतली' असं एकच उत्तर चिकटवलेलं मी पाहिलंय. प्रत्येक हरकतीपुढे तीन गोष्टी लिहा: काय बदललं, आराखड्याच्या कुठल्या पानावर, आणि बदललं नसेल तर का नाही. 'का नाही' लिहिताना निम्म्या वेळा लक्षात येतं की आपल्याकडे कारणच नाही.

त्या बाईंच्या थांब्याचं पुढे काय झालं? आम्ही पहाटे चारपासून पुन्हा मोजणी केली. सफाई कामगार, पहारेकरी, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, सगळे तिथेच चढत होते. थांबा परत आला आणि पहाटेच्या दोन फेऱ्या वाढल्या. पुढच्या सुनावणीला मी बावीसऐवजी सहा मिनिटं बोललो आणि मोठ्या समाधानाने तो थांबा पडद्यावर दाखवला. बाई शेवटच्या रांगेतच होत्या. त्यांनी हात वर केला.

"रविवारी?"

रविवार आम्ही मोजलाच नव्हता.