पहिली गोल्फ बॅग भरताना

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ सांगितलं की तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आणून सोडतो. तिथे क्रिकेट चालतं, रणजीचे सामने झालेत, पहाटे ट्रॅकवर चालणाऱ्यांची गर्दी असते. गोल्फचं फक्त नाव उरलंय. मी त्याच मैदानावर टेनिस बॉलने खेळत वाढलो आणि खरी गोल्फ स्टिक हातात घेतली ती थेट वयाच्या अडतिसाव्या वर्षी. शेजारचे काका लष्करातून निवृत्त झालेले. एका रविवारी ते मला देवळालीच्या बाजूला सोबत घेऊन गेले. त्या दिवशी सेव्हन आयर्नने, म्हणजे मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबने, मारलेल्या चाळीसेक बॉलपैकी एकच नीट लागला. हाताला काही जाणवलंच नाही, नुसता ‘टक्’ आवाज आला आणि बॉल हवेत चढला. त्या एका फटक्यामुळे गेली नऊ वर्षं माझे रविवार ठरलेले आहेत.

मी अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर हातात व्हर्नियर, समोर सरफेस प्लेट. त्यामुळे गोल्फकडे वळल्यावर माझं लक्ष आपोआप क्लबकडे, म्हणजे स्टिककडे, गेलं. हल्ली ऑफिसातली तरुण मुलं विचारतात, ‘सर, सुरुवातीला कुठला सेट घेऊ?’ त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, पहिले तीन महिने काहीच घेऊ नका. कोचकडे, सरावाच्या रेंजवर, ओळखीच्या माणसाकडे सेव्हन आयर्न मिळतो, तेवढ्यावर शिका. मी थांबलो नाही. दुसऱ्याच महिन्यात मुंबईला जाऊन एका दुकानातून नवाकोरा पूर्ण सेट घेतला. विक्रेत्याने माझा स्विंग पाहिला नाही, उंची विचारली नाही. ‘सर, तुम्ही फिट आहात, स्टिफ शाफ्टच घ्या,’ म्हणाला, आणि मी घेतला. शाफ्ट म्हणजे क्लबचा दांडा, स्टिफ म्हणजे ताठ. पुढचं सव्वा वर्ष माझा प्रत्येक बॉल खालून आणि उजवीकडे जात राहिला. मला वाटलं माझं मनगट चुकतंय. कोच सरांनी एकदा त्यांचा रेग्युलर शाफ्टचा क्लब हातात दिला आणि दहा बॉलमध्ये फरक दिसला. तो सेट शेवटी निम्म्याहून कमी किमतीत विकावा लागला. पैशांपेक्षा त्या सव्वा वर्षाचं वाईट वाटतं, कारण चुकीच्या शाफ्टला जुळवून घेताना लागलेल्या सवयी मोडायला आणखी एक वर्ष गेलं.

शाफ्टवर एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरं असतात. एल सगळ्यात लवचीक, एक्स सगळ्यात ताठ. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, फिरवताना क्लबहेडचा (क्लबच्या डोक्याचा) वेग साधारण ताशी १३५ ते १५५ किलोमीटर असेल तर आर म्हणजे रेग्युलर बरा, असा ढोबळ हिशोब आहे. नव्याने शिकणारे बहुतेक पुरुष याच पट्ट्यात किंवा याच्या खाली असतात. मात्र ही अक्षरं कुठल्याही एका मानकाला बांधलेली नाहीत. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका ताठ निघू शकतो. म्हणून अक्षर वाचून समाधान मानू नका, क्लब मारून बघा. आयर्नमध्ये स्टीलचा शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅम भरतो, ग्राफाइटचा बराच हलका असतो. पन्नाशीच्या पुढे सुरुवात करणाऱ्यांनी आणि कोपर दुखणाऱ्यांनी ग्राफाइट घ्यायला अजिबात संकोच करू नये.

आता सेटबद्दल. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. अमेरिकेत ही मर्यादा १९३८ मध्ये आली. त्याआधी काही खेळाडू पंचवीसहून जास्त क्लब घेऊन फिरायचे. चौदा ही कमाल मर्यादा आहे, तेवढे भरलेच पाहिजेत असं नाही. नवीन माणसाला सात पुरतात: लांब मारायला मोठ्या डोक्याचा एक फाइव्ह वूड, वूड आणि आयर्नच्या मधला एक हायब्रिड, सेव्हन आणि नाइन आयर्न, जवळच्या उंच फटक्यांसाठी पिचिंग वेज आणि सँड वेज, आणि बॉल होलमध्ये ढकलायला पटर. सिक्स आणि सेव्हन आयर्नमधलं दहा-बारा यार्डांचं अंतर तुमच्या स्विंगमध्ये यायलाच वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर ते दोन्ही क्लब बॅगेत असून उपयोग नाही.

सेकंड हँड घ्यायला घाबरू नका. माझे आत्ताचे आयर्न सेकंड हँडच आहेत, फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले. ते घेतले तेव्हा एक गोष्ट सतत खटकायची. सेव्हन आणि एटमध्ये अंतर खूप पडायचं, एट आणि नाइन मात्र जवळजवळ एकाच जागी उतरायचे. सगळे म्हणायचे, अजून सराव कर. शेवटी एका रविवारी परवानगी काढून क्लब टूलरूममध्ये नेले. शाफ्ट व्ही-ब्लॉकमध्ये धरला, क्लबच्या फेसवरच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूवरच्या, रेघा सरळ आणल्या आणि कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून लॉफ्ट मोजला. लॉफ्ट म्हणजे फेस मागे किती अंश कललाय ते. सिक्स २८ अंश. सेव्हन ३२. एट ३८. नाइन ४०. पिचिंग वेज ४४. एट पुन्हा बसवून मोजला, पुन्हा ३८. दर क्लबला चार अंशांनी चढणाऱ्या सेटमध्ये एकटा एट आयर्न दोन अंश वाकलेला होता. माझ्या स्विंगचा दोष नव्हता, लोखंडाचा होता. मला फार हलकं वाटलं त्या दिवशी!

फोर्ज्ड क्लब मऊ कार्बन स्टीलचे असतात, वर्षानुवर्षं कडक जमिनीवर आपटून ते थोडे सरकतात. पण त्याच मऊपणामुळे ते परत वाकवताही येतात. पुण्यात एका फिटरने लॉफ्ट-लाय मशीनवर, म्हणजे क्लब वाकवून त्याचे कोन दुरुस्त करायच्या यंत्रावर, पाच मिनिटांत माझा एट ३६ वर आणून दिला. कास्ट, म्हणजे ओतीव, क्लब कडक स्टेनलेस स्टीलचे असतात, ते सहसा सरकत नाहीत, पण वाकवायला गेलं तर तुटण्याची भीती असते. म्हणजे जुने फोर्ज्ड आयर्न घेणार असाल तर आधी लॉफ्ट मोजून घ्या, किंवा तेवढे पैसे बाजूला ठेवा.

नव्या आयर्नमध्ये वेगळीच गंमत असते. पूर्वी सेव्हन आयर्नचा लॉफ्ट ३४ अंशांच्या आसपास असायचा, आता दुकानातले कितीतरी सेव्हन आयर्न ३० किंवा त्याहून कमी अंशांचे असतात. बॉल लांब जातो आणि घेणारा खूश होतो, पण प्रत्यक्षात त्याने जुना सिक्स आयर्न मारलेला असतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. क्लबच्या डोक्यातलं वजन खाली नेल्यामुळे कमी लॉफ्टलाही बॉल वर चढतो, हे खरं कौशल्य आहे. फक्त मित्राच्या सेव्हनशी आपल्या सेव्हनची तुलना करू नका आणि क्लबच्या तळाच्या आकड्यावर पैसे मोजू नका. लॉफ्ट विचारा.

ड्रायव्हरबद्दल माझं मत ठाम आहे: पहिले सहा महिने तो घरी ठेवा. नियमाने त्याचं डोकं ४६० घनसेंटीमीटरपर्यंत मोठं असू शकतं आणि ते बघून धीर येतो, पण लॉफ्ट कमी असला की फेस जरासा उघडा, म्हणजे बाहेरच्या बाजूला वळलेला, राहिला तरी बॉल केळ्यासारखा वळतो. लॉफ्ट जास्त असेल तर बॉलची मागे फिरण्याची फिरकी वाढते आणि बाजूचं वळण कमी दिसतं. म्हणून फाइव्ह वूड सरळ जातो. ड्रायव्हर घ्याल तेव्हाही ९ अंशांचा घेऊ नका, १२ च्या आसपासचा बघा. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, हवा थोडी विरळ आहे, त्यामुळे मुंबईपेक्षा बॉल किंचित लांबच जातो.

ज्या क्लबवर खरा विचार करायला हवा तो वेज. आणि इथे परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलू नका, कारण आपली जमीन वेगळी आहे. माझ्याकडे ५६ अंशांचा सँड वेज होता, बाउन्स १४. बाउन्स म्हणजे क्लबच्या तळाचा फुगवटा, जो क्लबला जमिनीत रुतू देत नाही. मे महिन्याची सकाळ, गवत पिवळं पडलेलं, खाली मुरूम दगडासारखा. ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापासून, वीस यार्डांवर मी नीट उभा राहिलो, हळू फटका मारला आणि क्लबचा तळ जमिनीवरून उसळून त्याची धार बॉलच्या पोटात बसली. बॉल ग्रीन ओलांडून पलीकडच्या बाभळीत. पुढच्या होलला पुन्हा तेच. सोबत बॅग उचलणारे कॅडी दादा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी वेज माझ्या हातून घेतला, उलटा करून तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘साहेब, हा पावसातला क्लब आहे. उन्हाळ्यात याला हात लावू नका. नाइन आयर्नने लोळवा.’ मी नाइन आयर्न घेऊन बॉल लोळवला. तो धडपडत ग्रीनवर चढला आणि होलपासून दोन हातांवर थांबला.

त्या वाक्यात सगळं आलं. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत आपल्याकडची जमीन कडक, म्हणून बाउन्स ६ ते ८ असलेला वेज. पावसाळ्यात काळी माती मऊ होते, तेव्हा १० च्या वरचा. बंकरमध्ये गणित उलटं होऊ शकतं: कोरड्या भुसभुशीत वाळूत जास्त बाउन्स हवा, पाऊस पडून घट्ट बसलेल्या वाळूत कमी. दोन वेज घेणं परवडत नसेल तर ८ ते १० मधला एक घ्या आणि उन्हाळ्यात लोळवायला शिका. कॅडींचं ऐका. ते त्याच जमिनीवर वर्षभर चालतात आणि शेकडो लोकांचे फटके त्यांनी पाहिलेले असतात.

पटर दुकानात बहुधा ३४-३५ इंचांचा मिळतो. माझी उंची पाच फूट पाच इंच, मला ३३ इंची लागला. नीट वाकून उभं राहा, डोळे बॉलच्या वर किंवा किंचित आत यायला हवेत. हात कोपरातून अवघडत असतील तर पटर लांब आहे, ग्रिप काढून कापून घ्या. पटरच्या बाबतीत मला कार्स्टन सोल्हाइम या माणसाबद्दल फार आदर आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनियर होता, पटिंग जमत नव्हतं म्हणून गॅरेजमध्ये स्वतःच पटर बनवायला बसला. वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेलं, म्हणजे बॉल मधोमध न लागला तरी पटर हातात फिरत नाही. मारताना जो आवाज यायचा त्यावरून त्याने १९५९ मध्ये नाव ठेवलं, पिंग. आज जवळजवळ प्रत्येक पटरमध्ये त्याचा तो विचार आहे. आपल्यासारख्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला यातून केवढा हुरूप येतो!

बॉल स्वस्तातले टू-पीस, म्हणजे गाभा आणि आवरण अशा दोन भागांचे, घ्या. नियमाप्रमाणे बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नको, बाकी वरच्या आवरणाचा फरक. महागड्या बॉलचं युरेथेनचं आवरण ग्रीनवर बॉल थांबवतं, पण तो फायदा घ्यायला आधी बॉल नेमका मारता यायला हवा. मात्र एकच बॉल धरून ठेवा. रोज वेगळा बॉल असेल तर पटिंगचा अंदाज कधीच बसत नाही.

ग्रिपकडे कुणी बघत नाही आणि मला ते फार लागतं. एप्रिल-मेमध्ये हाताला घाम येतो, रबर गुळगुळीत होतं, माणूस नकळत क्लब घट्ट आवळतो आणि खांदे ताठरतात. महिन्यातून एकदा भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन ग्रिप धुवा, सावलीत वाळवा. वर्षातून एकदा बदला. घरीही जमतं: जुनी ग्रिप ब्लेडने बाहेरच्या बाजूला कापायची, शाफ्ट स्वच्छ करायचा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, टर्पेंटाइन ओतून टेप ओली करायची आणि नवी ग्रिप एका दमात आत सरकवायची. मध्ये थांबलात तर ती तिथेच अडकते. ग्राफाइट शाफ्टवर ब्लेड लागू देऊ नका, एक ओरखडा पडला तरी पुढे तो तिथूनच मोडतो. ग्लोव्ह उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या हातात. पावसाळ्यात दोन ठेवा, एक वाळत राहू द्या.

मुलांसाठी विचारणाऱ्या पालकांना एक विनंती. घरातला जुना मोठा क्लब कापून मुलाच्या हातात देऊ नका. शाफ्ट कापला की तो आणखी ताठ होतो आणि डोकं मात्र मोठ्या माणसाच्या वजनाचंच राहतं. आठ-नऊ वर्षांचं पोर ते ओझं ओढत फिरवतं, पाठ वाकवतं आणि महिन्याभरात कंटाळतं. माझ्या मुलीला मी लहान मुलांसाठी बनवलेले तीनच हलके क्लब आणले: एक हायब्रिड, एक सेव्हन आयर्न, एक पटर. सोसायटीच्या लॉनवर ती प्लॅस्टिकच्या बॉलने मारते, आणि तिचा ‘टक्’ आवाज मला वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरात ऐकू येतो.