फाइलचे तुकडे करणारं टूल लिहिताय? मग पाथचं आधी बघा

मोठी फाइल कापायचा कोड फार नसतो, लूप लावा, बाइट्स वाचा, नवीन फाइलमध्ये टाका, झालं. खरी डोकेदुखी पाथची (फाइल कुठे ठेवलीय तो पत्ता), कारण कापणारं मशीन वेगळं आणि जोडणारं वेगळं. विंडोजवर कापायचं, फॅट३२ पेनड्राइव्हवर टाकायचं (तिथे ४ जीबीची फाइल मावत नाही म्हणून तर हा खटाटोप) आणि लिनक्सवर जोडायचं.

विंडोज पाथमध्ये उलटा स्लॅश (\) वापरतं आणि लिनक्स सरळ (/), म्हणून बरेच जण सगळे उलटे स्लॅश सरळ करून टाकतात. नका करू. लिनक्समध्ये उलटा स्लॅश हा फाइलच्या नावात चालणारा साधा कॅरेक्टर आहे, तुम्ही बदललात की फाइल सापडणारच नाही. पाथ जोडणं-तोडणं लायब्ररीवर सोडा, पायथनला पाथलिब, सी++१७ ला फाइलसिस्टिम, आणि गोमध्ये लिहीत असाल तर फाइलपाथ पॅकेज घ्या, नुसतं पाथ नावाचं नको, ते फक्त सरळ स्लॅश ओळखतं.

आता तुकड्यांची नावं. शेवटचा डॉट शोधून तिथून पुढचं एक्स्टेन्शन, असं स्ट्रिंगवर केलं तर "बॅकअप.जुना/डेटा" मध्ये डॉट फोल्डरचा निघतो आणि सगळं भलतीकडे जातं. तसंही एक्स्टेन्शन बदलायचंच नाही, नावाच्या शेवटी जोडायचं, "गाणी.झिप.००१" असं, आणि शून्यं हवीतच, नाहीतर सॉर्ट केल्यावर १० नंबर २ च्या आधी येतो.

आपल्या लोकांना हमखास नडणारी गोष्ट म्हणजे मराठी नावं. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर एका नावाला २५५ बाइट्स मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे "हळदीकुंकू" एवढ्यालाच २७ बाइट्स, आणि एकूण ८५ चिन्हांत खेळ संपला. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ युनिट्सची, आणि देवनागरीचं एक चिन्ह तिथे एकच युनिट, त्यामुळे विंडोजवर आरामात बसलेलं लांब नाव लिनक्सवर कॉपीच होत नाही. म्हणून शेपूट जोडल्यावरची लांबी बाइट्समध्ये मोजा आणि जास्त भरली तर कापायच्या आधीच एरर द्या.

तुकड्यांसोबत यादीची फाइल ठेवत असाल तर तिच्यात फक्त नाव, साइझ आणि हॅश (तुकडा बिघडला नाही हे तपासायचा आकडा) लिहा, पूर्ण पाथ अजिबात नको, तुमचा डी ड्राइव्ह दुसऱ्याच्या लॅपटॉपवर काय कामाचा? जोडताना यादी जिथे आहे तोच फोल्डर धरायचा. आणि त्या यादीवर विश्वास ठेवू नका. पाथलिबमध्ये जोडायचं नाव स्लॅशने सुरू झालं तर डावीकडचा फोल्डर गुपचूप गळून पडतो, मग कोणीतरी खोडसाळ यादी देऊन भलत्याच जागी फाइल लिहून घेईल. त्यामुळे प्रत्येक नाव पाथलिबच्याच प्युअरविंडोजपाथमधून काढा, त्याला दोन्ही स्लॅश कळतात, आणि एकापेक्षा जास्त भाग निघाले, नुसते दोन डॉट (म्हणजे वरचा फोल्डर) असले किंवा कोलन दिसला तर सरळ नकार. हीच तपासणी कापतानाही लावा.

आउटपुट फोल्डर नसेल तर मधल्या फोल्डरांसकट बनवा. टेम्प फाइल (आधी जिच्यात लिहायचं आणि पूर्ण झाल्यावर खरं नाव द्यायचं ती) त्याच फोल्डरमध्ये, कारण दुसऱ्या ड्राइव्हवरून नुसतं रीनेम होत नाही.

टेस्टसाठी विंडोज मशीन नसलं तरी अडत नाही, प्युअरविंडोजपाथ लिनक्सवरही चालतो, डिस्कला हात न लावता.