चिनी सोपस्टोनच्या जुन्या बौद्ध मूर्ती: या चुका टाळा

पहिली मूर्ती घरी आणली, त्याच संध्याकाळी मी ती साबणाच्या कोमट पाण्यात धुतली. वाघाला जवळ घेऊन बसलेला अर्हत (निर्वाणाला पोहोचलेला बौद्ध भिक्षू), जेमतेम वीतभर उंचीचा. पाणी आधी तांबूस झालं, मग काळपट. भुवयांतली शाई गेली, चिवराच्या काठावरची सोनेरी नक्षी बोटांना लागली. तिथे आता नुसत्या कोरलेल्या रेषा उरल्या आहेत.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो: धुऊ नका. या मूर्ती म्हणजे नुसता दगड नसतो. कोरून झाल्यावर कारागीर वस्त्रांवर बारीक नक्षी कोरत, तिच्यात सोनं किंवा रंग भरत, केस-भुवया शाईने काढत आणि वरून मेणाचा हात देत. दगडाला रंगही चढवलेला असू शकतो. पाणी, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पितळेची पावडर यांतलं काहीही वापरलं तरी या सजावटीतलं काहीतरी निघून जातं. धूळ काढायला मऊ कोरडा ब्रश पुरे. घडीत बसलेली जुनी काजळी नाही निघाली तर राहू द्या.

आपल्याकडे आणखी एक होतं. मूर्ती म्हटली की हात हळद-कुंकवाकडे जातो आणि चमक गेली की खोबरेल तेलाकडे. कुंकवाचा डाग या दगडात मुरतो. खोबरेल काही दिवसांनी खवट होतं, धूळ धरून ठेवतं. चीनमधल्या फूचौ शहराचे संग्राहक आपल्या दगडांना तेल लावतात हे खरं आहे, पण ते कॅमेलियाच्या बियांचं, आणि तेही ठरावीक जातींच्या दगडालाच. मेण दिलेल्या मूर्तीला त्याची गरज नसते. पूजा करायचीच असेल तर फूल समोर ठेवा, मूर्तीवर नको.

दगड ओळखताना होणाऱ्या चुका

"हातात घ्या, साबणासारखा लागतो बघा," असं विकणारा सांगतो. पण खरा साबणासारखा गुळगुळीतपणा असतो आपल्या संगजिऱ्याला, कारण त्यात टाल्क हे मऊ खनिज असतं. आग्र्याच्या कारागिरांच्या हत्ती-बुद्धांचा दगड तसला. चिनी मूर्तींचा प्रसिद्ध दगड फूचियान प्रांतात फूचौच्या उत्तरेला असलेल्या शौशान गावच्या डोंगरांतला; त्यात मुख्यतः डिकाइट आणि पायरोफिलाइट ही खनिजं असतात. च-च्यांग प्रांतातल्या छिंगत्यान दगडाचा मुख्य घटकही पायरोफिलाइटच. बाजार या सगळ्यांना सोपस्टोन म्हणतो. त्यामुळे नुसत्या स्पर्शावरून चिनी की भारतीय ते ठरवू नका.

दुसरं टोक म्हणजे हाच दगड "जेड" या कठीण, मौल्यवान दगडाच्या नावाने विकणं. खनिजांच्या कठीणतेच्या १ ते १० या मोह्स मापावर जेडची कठीणता ६ ते ७, या दगडांची साधारण १ ते ३. पण ते पडताळायला सुई किंवा चाकू लावू नका. नखाचासुद्धा ओरखडा उठतो आणि तो कायमचा राहतो. रेझिनची नक्कल ओळखायला तापलेली सुई टोचायचा सल्ला मिळतो, तोही सोडून द्या. त्याऐवजी मूर्ती हातात घ्या. दगड गार लागतो आणि आकाराच्या मानाने जड असतो. रेझिन लगेच कोमट होतं. दहापट भिंगातून घड्यांचे कोपरे पाहा. साच्याची शिवण किंवा हवेचे बुडबुडे दिसले तर कोरीव काम नाही हे उघड आहे.

वय ठरवताना

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे सहीवर विश्वास. सतराव्या शतकातला यांग युश्वान आणि कांगशी बादशहाच्या काळातला चौ बिन ही शौशान कोरीवकामातली मोठी नावं. यांगचे अर्हत बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहेत. आणि म्हणूनच त्यांची नावं नंतरच्या असंख्य मूर्तींच्या पाठीवर कोरली गेली. आधी चेहरा बघा. चांगल्या हाताच्या अर्हताच्या कपाळाच्या आठ्या, गळ्याच्या शिरा, कानाची पाळी या वेगवेगळ्या असतात, एकाच खाचेची पुनरावृत्ती नसते. सही सगळ्यात शेवटी वाचा.

खाचांतली काळी घाणही जुनेपणाचा पुरावा नाही. ती चहाने किंवा बूटपॉलिशने एका दुपारी आणता येते. खरी झीज हात लागतो तिथे असते: पोट, गुडघे, बैठकीच्या कडा. खोल घडीतही तशीच झीज असेल तर शंका घ्या.

बैठकीखाली इंग्रजीत "चायना" कोरलेलं असेल तर मूर्ती बहुधा १८९१ नंतर निर्यात झालेली. त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव लागणं सक्तीचं झालं. लाखेचा छोटा लाल शिक्का म्हणजे चीनमधून बाहेर न्यायला परवानगी मिळाली होती, एवढंच. उलट "तीनशे वर्षं जुनी, गेल्या वर्षीच चीनमधून आणली" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा: १९११ पूर्वीच्या प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यावर चीनने २००७ मध्ये सरसकट बंदी घातली. भारतातही १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. परदेशातल्या नातलगाला भेट पाठवण्याआधी हे लक्षात असू द्या.

नावात गल्लत

मूर्ती कुणाची यात गल्लत करणं आपल्याला तरी शोभत नाही, कारण ही मंडळी आपल्या ओळखीची आहेत. क्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. चीनमध्ये सोंग घराण्याच्या काळापासून (दहावं ते तेरावं शतक) हे रूप हळूहळू स्त्रीचं झालं. मुकुटात इवलासा अमिताभ बुद्ध दिसला तर ओळख पक्की. लोहान म्हणजे अर्हत. मूळचे सोळा, चीनमध्ये अठरा. हत्तीवर बसलेला समंतभद्र, सिंहावरचा मंजुश्री. पोट सुटलेला हसरा "बुद्ध" हा गौतम बुद्ध नाहीच. तो बुदाइ, झोळी घेऊन फिरणारा दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा भिक्षू, ज्याला मैत्रेयाचा, म्हणजे भावी बुद्धाचा, अवतार मानतात. आणि उंच कपाळाचा, हातात पीच धरलेला म्हातारा बौद्ध नसून ताओ परंपरेतला दीर्घायुष्याचा देव आहे.

काही बिघडलं तर

नवी चीर दिसली तर आधी काचेच्या कपाटातला दिवा बंद करा. उष्णता आणि फार कोरडी हवा या दगडाला सोसत नाही, म्हणून एसीच्या झोतासमोरही ठेवू नका. चीनमधल्या छांगह्वाच्या "कोंबडीच्या रक्ताच्या" दगडात हिंगुळाचे लाल पट्टे असतात. ते उजेडाने काळवंडतात, आणि परत लाल होत नाहीत.

बोट किंवा माळेचा मणी तुटला तर झटपट चिकटणारा गोंद हाती घेऊ नका. तो पिवळा पडतो, आणि नंतर काढताना सोबत दगडाचा पापुद्रा येतो. संग्रहालयांतले जतनतज्ज्ञ पुन्हा विरघळवता येईल असाच गोंद वापरतात. तोवर तुकडा मऊ कागदात गुंडाळा, वर तारीख लिहा आणि मूर्तीच्या शेजारीच ठेवा.