खाणीतला डंपर स्क्रीनवर भलतीकडे दिसतोय? या चुका टाळा

चोर्ला घाटानं गोव्याला निघालं की कणकुंबीच्या पुढं मोबाईलची रेंज जाते, तरी नकाशावरचा निळा ठिपका सरकत राहतो. जीपीएसला टॉवर नको, आभाळ लागतं. भुयारी खाणीत नेमकं उलटं: केबल टाकून आपली रेंज आत नेता येते, पण उपग्रहाचा सिग्नल खडक भेदून खाली येत नाही. त्यामुळं ट्रकचा ट्रॅकर काढून डंपरला लावू नका. विकणारा म्हणेल, "लावून तर बघा की ओ!" कोल्हापूरकडच्या बॉक्साइटच्या उघड्या खाणीत तो चालेल, रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीसारख्या भुयारी सोन्याच्या खाणीत नाही.

सगळ्यात घातक चूक मात्र यंत्राची नाही, वाचण्याची आहे. भुयारात जीपीएसऐवजी गाडीवर रेडिओ टॅग लावतात आणि बोगद्यात जागोजागी तो वाचणारे रीडर बसवतात, हीच आरएफआयडी. रीडर एवढंच सांगतो की हा टॅग माझ्यासमोरून अमुक वाजता गेला. पुढचा रीडर येईपर्यंत गाडी कुठं आहे, थांबली की वळली, हे त्याला ठाऊक नसतं. स्क्रीनवर मात्र ठिपका ठामपणे बसलेला. म्हणून ठिपक्याशेजारी शेवटच्या नोंदीची वेळ हवीच, आणि ती जुनी झाली की रंग बदलायला हवा. ठिपका नाही म्हणून ड्रिफ्ट (खाणीतला आडवा बोगदा) रिकामा, असं तर कधीच धरू नका. टॅगची बॅटरीही संपलेली असू शकते. तिठ्यावर एकच रीडर लावला तर गाडी वर गेली की खाली, तेही कळत नाही. थोड्या अंतरानं दोन लावा, आधी कोणी वाचलं त्यावरून दिशा कळते.

अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे अगदी छोट्या रेडिओ लहरींच्या ठोक्यांनी अंतर मोजणारी पद्धत, जास्त अचूक, पण नाजूक. तिथं अंतर सिग्नल पोचायला लागलेल्या वेळेवरून काढतात आणि 1 नॅनोसेकंदाची चूक म्हणजे सुमारे 30 सेंटीमीटर. टॅग लोखंडी केबिनमध्ये किंवा लोडरच्या बकेटमागं दडला की सिग्नल भिंतीवर आपटून लांबच्या वाटेनं येतो, गाडी आहे त्याहून दूर दिसते. अँटेना छतावर, मोकळी ठेवा.

नकाशावर लेव्हल (खाणीतला मजला) निवडलेली नसेल, तर एकाखाली एक असलेल्या दोन गाड्या समोरासमोर आल्यासारख्या दिसतात. यात बिघाड काही नसतो, तरी कंट्रोल रूममधला माणूस दचकतो.

टॅग हातात धरून चालत चाचणी घेऊ नका. सर्व्हेच्या खुणेवर डंपर उभा करा, टेपनं मोजलेलं अंतर आणि स्क्रीनवरचं अंतर शेजारी शेजारी लिहा. रिकाम्या गाडीचं वेगळं, भरलेल्या गाडीचं वेगळं.