डी. एच. लॉरेन्स कसा वाचावा

डेव्हिड हर्बर्ट लॉरेन्स म्हटले की बहुतेकांना एकच कादंबरी आठवते, आणि तीही तिच्यावर चाललेल्या खटल्यामुळे. साहजिकच वाचनाची सुरुवात ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’पासून होते. वाचक गाजलेली पाने शोधत जातो, मधली प्रदीर्घ संभाषणे त्याला कंटाळवाणी वाटतात आणि पुस्तक अर्ध्यावर मिटले जाते. हा लेखक समजून घ्यायचा असेल तर त्याची ही शेवटची कादंबरी बाजूला ठेवावी आणि तो जिथे वाढला त्या कोळशाच्या खाणींपासून सुरुवात करावी. त्याच्या लेखनातील शरीर, संताप आणि यंत्रयुगाविषयीचा तिटकारा यांचे मूळ तिथेच आहे.

त्यासाठी चरित्रातील मोजकाच भाग आधी माहीत असलेला बरा. लॉरेन्सचा जन्म ११ सप्टेंबर १८८५ रोजी नॉटिंगहॅमशायरमधील ईस्टवुड या खाणकामगारांच्या गावी झाला. वडील आर्थर खाणीत काम करत. आई लिडिया हिने लग्नापूर्वी काही काळ शिकवण्याचे काम केले होते, तिला पुस्तकांची ओढ होती आणि आपल्या मुलांनी खाणीत उतरू नये असा तिचा हट्ट होता. या दोघांमधला संघर्ष हाच त्याच्या आरंभीच्या लेखनाचा विषय आहे. शिष्यवृत्तीवर शिकून तो १९०८ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडन येथे शिक्षक झाला. १९१२ मध्ये त्याची गाठ फ्रीडाशी पडली. ती जर्मन होती, त्याच्या एका माजी प्राध्यापकाची पत्नी होती आणि तीन मुलांची आई होती. काही आठवड्यांतच ती दोघे इंग्लंड सोडून निघून गेली.

पहिले वाचन ‘ओडर ऑफ क्रिसॅन्थिमम्स’ या कथेचे करावे. ती १९११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि एका बैठकीत वाचून होते. एलिझाबेथ बेट्स ही खाणकामगाराची बायको नवऱ्याची वाट पाहत बसली आहे. तो नेहमीप्रमाणे दारूच्या गुत्त्यात असेल असे समजून ती चिडली आहे. आणि रात्री त्याचा मृतदेह घरी आणला जातो. ते शरीर धूत असताना तिला उमगते की ज्याच्याशी आपण संसार केला त्या माणसाला आपण कधी ओळखलेच नव्हते. कथा लगेच दुसऱ्यांदा वाचावी आणि या खेपेस फक्त शेवंतीच्या फुलांवर लक्ष ठेवावे. लग्न, बाळंतपण, नवऱ्याला पहिल्यांदा नशेत घरी आणले तो दिवस, या साऱ्यांशी एलिझाबेथच्या मनात ती फुले जोडलेली आहेत, आणि मृतदेह आत आणताना त्यांचीच फुलदाणी पडून फुटते. पात्रांच्या तोंडची बोलीभाषा डोळ्यांना अडखळवते. ती मोठ्याने वाचली की बरीचशी उलगडते.

यानंतर ‘सन्स अँड लव्हर्स’ (१९१३) घ्यावी. विकत घेण्यापूर्वी आवृत्ती पाहावी. संपादक एडवर्ड गार्नेट याने मूळ हस्तलिखिताचा सुमारे दहावा भाग कापला होता आणि पूर्ण संहिता केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९९२ मध्ये छापली. शक्य असेल तर तीच वाचावी. कादंबरी खाणकामगाराचा मुलगा पॉल मोरेल याच्या, म्हणजे बव्हंशी आईच्या बाजूने सांगितलेली आहे. म्हणूनच बाप घरात काहीतरी दुरुस्त करत बसला आहे, मुलांना सुरुंगाच्या वाती बनवायला सोबत घेतो आहे, खाणीतल्या घोड्याच्या गोष्टी सांगतो आहे, अशी पाने मुद्दाम सावकाश वाचावीत. पॉलला जे दिसत नाही ते लेखकाला दिसत होते, याचा पुरावा या पानांत आहे. पॉलची प्रेयसी मिरियम हे पात्र जेसी चेंबर्सवर बेतलेले आहे. लॉरेन्सच्या कविता ‘इंग्लिश रिव्ह्यू’ या मासिकाकडे पाठवून त्याला वाङ्मयीन जगाचे दार उघडून देणारी हीच स्त्री, आणि कादंबरीतील आपल्या चित्रणाने ती फार दुखावली. तिने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणी कादंबरीनंतर जरूर वाचाव्यात. मला त्या या वाचनाचा आवश्यक भाग वाटतात.

खरी कसोटी ‘द रेनबो’ (१९१५) या कादंबरीत आहे, आणि अनेक चांगले वाचकही इथेच थकतात. ब्रँगवेन घराण्याच्या तीन पिढ्यांची ही कथा आहे, पण घटनांच्या मागे लागल्यास ती हाती लागत नाही. जून १९१४ मध्ये गार्नेटला लिहिलेल्या पत्रात लॉरेन्सने स्वतःच वाट दाखवली आहे: माझ्या पात्रांत जुन्या पद्धतीचा स्थिर ‘मी’ शोधू नका, हिरा आणि कोळसा ही एकाच कार्बनची रूपे आहेत आणि मला त्या कार्बनविषयी लिहायचे आहे. हे पत्र वाचून मगच कादंबरी उघडावी. मग तेच तेच शब्द पुन्हा का येतात, माणसे एकाच प्रसंगात प्रेमाकडून द्वेषाकडे आणि पुन्हा प्रेमाकडे का जातात, हे कळू लागते. रोज थोडी पाने वाचावीत आणि प्रत्येक पिढीच्या शेवटी थांबावे.

या कादंबरीवरील कारवाईचा संदर्भही लक्षात ठेवावा. नोव्हेंबर १९१५ मध्ये लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयाने ती अश्लील ठरवून प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. पण महायुद्ध ऐन भरात असताना सैनिक प्रियकराला तुझ्या लढण्याला अर्थ काय असे विचारणारी ब्रँगवेन घराण्यातली अर्सुला त्या वातावरणात किती खुपली असेल, याचाही विचार वाचकाने करावा. पुढे कॉर्नवॉलमध्ये राहत असताना १९१७ मध्ये लॉरेन्स आणि फ्रीडा यांना हेरगिरीच्या संशयावरून तिथून हलवण्यात आले. ‘विमेन इन लव्ह’ ही कादंबरी याच वर्षांत लिहिली गेली. तिच्यात युद्धाचा उल्लेख जवळजवळ नाही, पण रेल्वेच्या फाटकापाशी बिथरलेल्या घोडीला टाचा मारून रोखून धरणारा खाणमालक जेराल्ड पाहिला की त्या काळची सारी हिंसा समोर येते.

एवढे झाल्यावर ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ वाचावी. लॉरेन्सने ती तीनदा नव्याने लिहिली आणि १९२८ मध्ये फ्लॉरेन्स येथे खाजगीरीत्या छापून घेतली. १९३२ नंतर ब्रिटनमध्ये काटछाट केलेली आवृत्ती मिळत असे, तेव्हा जुनी प्रत हाती आल्यास तपासून घ्यावी. पेंग्विनने १९६० मध्ये पूर्ण संहिता छापायला घेतली तेव्हा ओल्ड बेली न्यायालयात खटला झाला आणि २ नोव्हेंबर रोजी ज्यूरीने प्रकाशकाला निर्दोष ठरवले. वाचताना अकराव्या प्रकरणातील कॉनीचा, म्हणजे लेडी चॅटर्लीचा, टेव्हरशॉल गावातून होणारा मोटारप्रवास चुकवू नये. काळवंडलेल्या विटांची घरे आणि माणसांची विझलेली उमेद यांचे ते वर्णन वाचले की तिच्या प्रियकराशी जंगलात होणाऱ्या भेटींना अर्थ येतो, कारण लॉरेन्सच्या दृष्टीने त्या भेटी हे या कुरूपतेला दिलेले उत्तर आहे.

लॉरेन्सवरचे आक्षेप टाळून पुढे जाऊ नये. ‘द प्लूम्ड सर्पंट’ (१९२६) मध्ये पुरुषी नेतृत्वाची आणि स्त्रीच्या शरणागतीची जी भलामण आहे ती मला मान्य करता येत नाही. स्त्रीवादी लेखिका केट मिलेटने १९७० मध्ये त्याच्या स्त्रीचित्रणावर केलेली टीका या कादंबरीच्या बाबतीत तर नेमकी लागू पडते. ती टीका वाचून पुन्हा ‘द रेनबो’मधील अर्सुलाकडे यावे आणि तिथेही ती तितकीच खरी ठरते का, हे स्वतः ताडून पाहावे.

कादंबऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत ‘स्नेक’सारख्या कविता आणि पत्रे वाचावीत. फ्रान्समधील व्हान्स येथे २ मार्च १९३० रोजी क्षयाने मृत्यू येईपर्यंत तो पत्रे लिहीत होता. जी कादंबरी हाती असेल त्याच वर्षातली पत्रे तिच्यासोबत वाचली, तर पुस्तकातला उपदेशकी सूर आणि पत्रातला हळवा, चिडका, उत्साही माणूस यांतला फरक पानोपानी दिसत राहतो.