मुंबईची नोकरी सांभाळून गावी शेळीपालन सुरू करताना

भांडुपला दोन खोल्यांत राहणाऱ्या आमच्या कुटुंबाने मुरबाड तालुक्यातील सासरच्या पावणेदोन एकर जमिनीवर शेळीपालन सुरू केले, त्याला आता चार वर्षे झाली. मी आणि माझे यजमान नोकरीमुळे मुंबईत असतो. शनिवारी सकाळी लोकलने कल्याण आणि तिथून एसटीने गाव गाठतो. गोठा मात्र सासूबाई, दीर आणि जाऊबाई यांच्या हातात आहे. मुंबईत राहून असा विचार करणारी मंडळी मला अनेकदा विचारतात की शेळ्या कोणत्या घ्याव्यात आणि किती घ्याव्यात. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: गोठ्याजवळ रोज रात्री मुक्कामाला घरचे कोण असणार आहे? त्याचे उत्तर ठरलेले नसेल, तर एकही शेळी घेऊ नये. शेळी दिवसा-रात्री केव्हाही विते, पोटफुगी काही तासांत जीव घेते, आणि पगारावर ठेवलेला माणूस कितीही प्रामाणिक असला तरी लग्नसराईत त्यालाही गावी जायचे असते.

दुसरी गोष्ट पावसाची. शेळीपालनाविषयी मराठीत जे काही वाचायला मिळते, त्यातील बरेचसे मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातील कोरड्या हवामानाला धरून लिहिलेले असते. उस्मानाबादी शेळी उत्तम आहे, जुळी करडे देण्यात तिचा हात धरणारी जात आपल्याकडे विरळा. पण ती ज्या भागातील आहे तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा आमच्याकडे कधीकधी एकट्या जुलैत पडतो. शेळीला थंडीपेक्षा ओल जास्त बाधते. ओल्या जमिनीवर उभे राहून तिचे खूर कुजतात, करडांना न्यूमोनिया होतो आणि पाणथळ जागेच्या गवतातून जंत पोटात जातात. म्हणून कोकणपट्टीत आणि ठाणे-रायगड भागात गोठा जमिनीपासून तीन-चार फूट उंच मचाणावर असावा, असे मी आग्रहाने सांगते. फळ्यांमधील फट साधारण दीड सेंटीमीटर ठेवावी, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि खूर अडकत नाही. करडांच्या कोपऱ्यात ती आणखी कमी असावी. मोठ्या शेळीला 10 ते 12 चौरस फूट छताखालची जागा आणि त्याच्या दुप्पट मोकळे आवार लागते. जातींपैकी सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ दमट हवेला आणि जोरदार पावसाला सरावलेली आहे. आम्ही आता त्याच जातीचा बोकड वापरतो आणि दर दोन वर्षांनी तो बदलतो, कारण बापाचा लेकींशी संकर झाला की पुढची करडे अशक्त निपजतात.

चारा शेळ्यांच्या आधी एक पावसाळा लावावा. शेळी हे मान वर करून पाला खाणारे जनावर आहे. खाली टाकलेले, तुडवलेले गवत ती हुंगते आणि सोडून देते. आम्ही बांधावर शेवरी, हादगा आणि सुबाभूळ लावली आणि त्यांची कापणी हाताशी आल्यावरच खरेदीला निघालो. मोठ्या शेळीला दिवसाला तीन ते चार किलो हिरवा चारा, किलोभर वाळलेला चारा आणि 200 ते 250 ग्रॅम खुराक लागतो, म्हणजे दहा शेळ्यांसाठी रोज 40 किलोपर्यंत हिरवा पाला तोडून आणायचा असतो. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घालू नये, तिच्यातील मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात. पावसाळ्यासाठी भाताचा पेंढा आणि तुरीचे भुसकट कोरड्या जागी साठवणे हे आमच्याकडे मे महिन्याचे मुख्य काम असते.

आमची पहिली मोठी चूक खरेदीत झाली. एका आठवडे बाजारात व्यापाऱ्याने लसीकरण झाल्याचे सांगितले, त्यावर विसंबून आम्ही सहा शेळ्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी आधीच्या चार शेळ्यांमध्ये सोडल्या. आठवड्याच्या आत नाकातून शेंबूड, तोंडात फोड आणि हगवण सुरू झाली. तो पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांत झपाट्याने पसरणारा विषाणूजन्य रोग होता. दहापैकी चार शेळ्या गेल्या. नवीन जनावर 21 दिवस वेगळे बांधावे, त्याची गव्हाण आणि पाण्याचे भांडे वेगळे ठेवावे आणि त्याला चारा घालणाऱ्याने आपल्या शेळ्यांकडे आधी जाऊन यावे, हे त्यानंतर घरात पक्के झाले. पीपीआरची लस साधारण तीन वर्षे संरक्षण देते. आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचे विष तयार होऊन होणाऱ्या रोगाची) लस मात्र दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचावी लागते. जंताचे औषध आम्ही पावसाच्या आधी आणि नंतर देतो, वजन करून, अंदाजाने नाही.

दुसरी चूक मायेपोटी झाली आणि तिच्यात आणखी एक शेळी गमावली. दिवाळीत मुंबईहून पाहुणे आले होते, मुलांनी कौतुकाने उरलेला भात आणि पुऱ्या एका गाभण शेळीला भरवल्या. रात्री ती दात खात एका कुशीवर पडून राहिली. सासूबाई कंदील घेऊन तिच्याजवळ बसल्या, डाव्या कुशीवर तळहात ठेवून म्हणाल्या, ‘‘पोट हलत नाही गं हिचं.’’ निरोगी शेळीची कूस मिनिटाला एक-दोनदा हाताखाली सरकते. ती सरकत नव्हती. धान्य आणि शिजलेले अन्न एकदम जास्त गेले की पोटात आम्ल वाढते आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ निघून जातो. आता गोठ्याच्या दारावर पाटी आहे आणि पाहुण्यांच्या हातात आम्ही फक्त शेवरीची डहाळी देतो.

डाव्या कुशीवर हात ठेवणे नवख्याने पहिल्या महिन्यातच शिकावे. त्याबरोबरच कोणती शेळी गव्हाणीकडे शेवटी येते, कोण रवंथ करत नाही, कोणाची लेंडी सैल आहे, हे रोज सकाळी पाहावे. नवजात करडाच्या नाळेला आयोडीन लावून त्याला तासाभरात चीक पाजणे, हे तर कधीच चुकवू नये. आजाराची शंका आल्यास तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे. मुंबईत असताना सल्ला हवा असेल, तर परळचे 1886 साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रश्न लिहून नेले की बोलणे नेमके होते.

पैशाचे थोडक्यात सांगते. गाभण काळ पाच महिन्यांचा, त्यापुढे करडू विक्रीयोग्य व्हायला आठ-दहा महिने, म्हणजे सुमारे सव्वा वर्ष पगारातूनच खर्च भागवावा लागतो. म्हणून आठ-दहा शेळ्यांपेक्षा मोठी सुरुवात करू नये आणि कर्ज तर पहिल्या वर्षी मुळीच घेऊ नये.

मुंबई जवळ असल्याचा खरा लाभ विक्रीत आहे. बकरी ईदला देवनारला भरणारा बाजार सर्वांना माहीत असतो, पण तिथवर जनावर नेण्याचा आणि तिथे राहण्याचा खर्च लहान कळपाला झेपत नाही. आम्ही कल्याण आणि भिवंडीच्या गिऱ्हाइकांना गोठ्यावरच बोलावतो. कुर्बानीसाठी वर्ष पूर्ण झालेला, दोन दाती (पुढचे दोन कायमचे दात आलेला), कोठेही व्यंग नसलेला बोकड लागतो, आणि ईद दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे येते, त्यामुळे शेळ्या केव्हा फळवायच्या याचा हिशेब आम्ही दोन वर्षे आधी वहीत मांडतो. आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगलेला आहे. गिऱ्हाइकासमोर बोकड तोलला जातो, किलोचा भाव आधी बोललेला असतो आणि जाऊबाई आकडा वहीत लिहून घेतात.