जुनी पाँटून घेताना आधी ट्यूब बघा

इथे मिनेसोटात आपल्यापैकी कुणी पाँटून, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट, घ्यायला निघालं की मला फोन येतो, आणि चौकशी सुरू होते ती सीट्सपासून. सीट्स नव्या शिवून मिळतात, छतही बदलता येतं. बोट तरंगते ती खालच्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबवर. 1952 साली याच राज्यातल्या रिचमंड गावी ॲम्ब्रोज वीअर्स या शेतकऱ्याने पोलादी पिंपं जोडून वर लाकडी तळ ठोकला, तिथून या बोटी सुरू झाल्या. मूळ रचना आजही तीच.

म्हणून बोट ट्रेलरवर असतानाच बघायला जा. पाण्यात असेल तर बाहेर काढायला सांगा. मालक टाळाटाळ करत असेल तर सरळ दुसरी बोट शोधा. अंगाखाली जुनी सतरंजी घालून खाली शिरा आणि टॉर्चने वेल्डिंगची प्रत्येक रेघ बघा. पोचा चालेल, वेल्डिंगजवळची चीर किंवा कुणीतरी थापलेलं एपॉक्सी (भेगा बुजवायचा चिकट लेप) नको. मग बोटांच्या पेरांनी ट्यूब एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत वाजवत जा. खणखणीत आवाज एखाद्या जागी बद्द झाला, तर आत पाणी असण्याची शंका घ्या.

वर आलात की बूट काढा आणि डेकवर अनवाणी चाला, विशेषतः गेटपाशी आणि मागच्या बाजूला. पाय दबला की समजा कार्पेटखालचं प्लायवूड कुजलंय. मोटरच्या खालच्या गिअरकेसचा, म्हणजे गिअरच्या पेटीचा, स्क्रू जरासा सैल करून तेलाचा थेंब हाताच्या बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरतंय. तो खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

माणसं किती बसतील हे सोफ्यावरच्या जागेवरून ठरवू नका. क्षमतेच्या पाटीवर माणसं आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं. फोटोसाठी सगळे पुढे धावले की नाक बुडतं आणि पाणी डेकवर येतं. बोट चालू असताना गेट बंद, आणि कठड्यापुढे पाय सोडून कुणीही बसायचं नाही, लाडका भाचा असला तरी नाही. तिथून पडलेला माणूस बोटीखालून थेट मोटरच्या पंख्याकडे जातो. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं हवं. 10 वर्षांखालच्या मुलांनी ते घालणं इथे कायद्याने सक्तीचं आहे.

तळ्यातून काढल्यावर ट्यूब ओल्या असतानाच धुवा, वाळलेलं शेवाळ घासून निघत नाही. पाणवनस्पती काढा, निचऱ्याची बुचं उघडी ठेवूनच रस्त्याला लागा. हाही इथला कायदाच. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि साचलेल्या पाण्यातून पुढच्या तळ्यात पोचतात.

ऑक्टोबरात हिवाळ्याची तयारी. पेट्रोलमध्ये ते खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घालून मोटर थोडा वेळ चालवा, म्हणजे ते इंजिनपर्यंत पोचतं. पाण्याशिवाय मात्र मोटर कधीच चालवू नका, इंपेलर (मोटरला गार ठेवणारं पाणी खेचणारं रबरी चाक) जळतो. गिअरचं तेल बदलणं वसंतापर्यंत लांबवू नका: आत पाणी राहिलं तर गोठून गिअरकेस फुटते. मोटर उभी ठेवा, पाणी आपोआप गळून जातं. बॅटरी घरात आणा. कव्हरखाली मधोमध दांडा उभा करा, नाहीतर बर्फ साचून कापड फाटतं. गाद्या उचलून घरात ठेवा. उंदीर पहिलं घर तिथेच करतात.